मोटारीच्या दारातली मोटर

बटण दाबूनही काच हलली नाही, की गाडीचा मालक काचेकडे बघतो. पुण्यातला जुना कार इलेक्ट्रिशियन छतातल्या दिव्याकडे बघतो. तो दिवा चालू ठेवून बटण दाबतो. दिवा किंचित मंदावला, तर दारातल्या मोटरपर्यंत करंट जातोय आणि मोटर जोरही करतेय, पण तिला काहीतरी अडवतंय. रबरात चिकटलेली काच, ड्रमवर गुंतलेली केबल, किंवा मोडून अडकलेला गिअरचा दात. दिवा तसाच राहिला, तर मोटर करंट घेतच नाहीये. मग शोध फ्यूज, रिले, स्विच, बिजागरीपाशी तुटलेली वायर किंवा मोटरमधले झिजलेले कार्बन अशा दिशेने सुरू होतो. सगळी तपासणी दोन सेकंदांची. "काका, मोटर चांगली आहे, मशीन अडकलंय," असं तो सांगतो तेव्हा दाराचा एकही स्क्रू निघालेला नसतो.

ही विद्या पुण्यात गेल्या साधारण पस्तीस वर्षांत घडली. त्याआधी इथल्या फारच थोड्या गाड्यांच्या दारात मोटर होती. "दारात मोटार आहे" म्हणजे घर सुखवस्तू आहे, एवढाच त्या शब्दांचा अर्थ होता. मग मोटारीच्याच दारात छोटी मोटर आली आणि तिच्याभोवती एक नवं काम, नवी भाषा आणि कारागिरांची एक पिढी उभी राहिली. अशा काचांच्या गाड्या बनवणारे कारखाने शहराच्या वायव्येला पिंपरी-चिंचवडला आणि उत्तरेला चाकणला आहेत. त्याच काचा दुरुस्त करणाऱ्यांना लागणारा माल शहराच्या मध्यात नाना पेठेत मिळतो. कारखान्यांचा इतिहास कंपन्यांच्या पुस्तकांत आहे. पेठेतल्या कामाचा इतिहास मात्र कारागिरांच्या हातात आणि कानात राहिला.

आधीची काच हाताने फिरायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडायची. तिचंच पुढे प्रीमियर पद्मिनी झालं. दुसरी ॲम्बॅसेडर. पुण्याच्या रस्त्यांवर अनेक दशकं मुख्यतः याच दोन गाड्या. दोघींच्याही दारांना हँडल असे आणि आत दातेरी चक्र व लोखंडी पट्ट्यांचं साधं 'मशीन'. काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला गॅरेजमध्ये आजही मशीनच म्हणतात. पट्ट्या एकमेकींवर उघडमीट करतात ते कात्री मशीन, तारेवर चालतं ते केबल मशीन.

हँडल काढणं हीसुद्धा एक कला होती. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप बसलेली असे. पकडीने ओढायला गेलं तर हँडलला ओरखडे पडत आणि क्लिप उडून सीटखाली जाई. जुने मेकॅनिक एक फडकं घेत, हँडल आणि दाराच्या पॅडमधल्या फटीत ते सरकवत आणि बूट पुसावा तसं दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढत. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकात अडके आणि क्लिप टक्कन निघे. गॅरेजमध्ये नव्याने लागलेल्या पोऱ्याला दाराचं काम इथूनच शिकवत.

त्या काळात चालकाच्या बाजूची काच बंद असायचं कारणही फारसं नव्हतं. वळायचं असेल, थांबायचं असेल, तर उजवा हात बाहेर काढून खूण करायची हा गाडी चालवण्याच्या शिक्षणाचाच भाग होता. फियाटच्या पुढच्या दारांना कोपऱ्यात एक छोटी त्रिकोणी काच असे. ती तिरपी केली की अंगावर थेट वारा येई. एसी नसलेल्या गाडीत उन्हाळ्यात सोलापूरपर्यंत जाणाऱ्यांना त्या त्रिकोणाची किंमत नीट माहीत होती.

गॅरेजमधली कामाची वाटणी इथे सांगायला हवी, कारण पुढचा सगळा बदल तिच्यातूनच समजतो. दार हा डेंटरचा प्रांत होता. पत्रा ठोकणं, बिजागरी सरळ करणं, काच आणि तिचं मशीन बसवणं ही त्याची कामं. इलेक्ट्रिशियन वेगळा माणूस. बॅटरी, डायनामो, सेल्फ, हॉर्न आणि बॉनेटखालच्या वायरी त्याच्याकडे. त्याला दार उघडायची वेळ सहसा येत नसे आणि डेंटरला करंटशी देणंघेणं नव्हतं. दारात मोटर आली आणि ही सीमा पुसली गेली. काच अडकली तर काम कोणाचं? मशीन वाकलं असेल तर डेंटरचं, करंट नसेल तर इलेक्ट्रिशियनचं. पण नेमकं काय झालंय हे दार उघडल्याशिवाय कसं कळणार? हा प्रश्न सोडवताना ज्यांनी दोन्ही कामं शिकून घेतली, तेच पॉवर विंडोचे पहिले खरे जाणकार झाले.

जगात मात्र हा प्रवास फार आधी सुरू झाला होता. घोडागाड्यांत आणि सुरुवातीच्या मोटारींत काच चामड्याच्या पट्ट्याने वर ओढून खुंटीला अडकवत. जर्मनीतल्या कोबुर्ग गावातल्या ब्रोझे कंपनीने १९२६ मध्ये हाताने फिरवायच्या काच-यंत्रणेचं पेटंट घेतलं आणि दोन वर्षांनी तिचं नियमित उत्पादन सुरू केलं. हात सोडला तरी काच आपल्या वजनाने खाली येऊ नये, असा अटकाव त्यात होता. काचेची चढउतार हाताऐवजी यंत्राने करायची सोय १९४० मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने आणली, पण ती तेलाच्या दाबावर चालायची. वीज पंपाला मिळायची आणि दारातल्या नळ्यांतून तेल काच उचलायचं. अशा नळ्या गळू लागल्या की सीटवर आणि कपड्यांवर डाग पडत. प्रत्येक दाराला स्वतंत्र विजेची मोटर हा उपाय नंतर रुळला. युरोपात १९५६ मध्ये ब्रोझेने बीएमडब्ल्यूच्या मोटारीसाठी विजेवर चालणारं काच-यंत्र दिलं. हीच ब्रोझे पुढे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात येऊन गाड्यांच्या दारांचे भाग बनवू लागली.

पुण्यात या गोष्टीची सुरुवात टाटांच्या टेल्को कंपनीपासून धरायला हरकत नाही. पिंपरीच्या त्या कारखान्यातून १९७७ मध्ये पुण्यात बनलेलं पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं. १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आला आणि त्याच्याच सांगाड्यावर १९९१ मध्ये टाटा सिएरा उभी राहिली. दोन बाजूंना एकेकच दार, मागे एक, आणि मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना छतापर्यंत वळत गेलेल्या प्रचंड काचा. त्या काचा पक्क्या होत्या, उघडत नसत. मागे बसणाऱ्याला वारा हवा असेल तर पुढच्या दोन दारांवर आणि एसीवर भिस्त. आणि त्या पुढच्या दोन दारांना हँडल नव्हतं, बटणं होती. भारतात बनलेल्या ज्या मोजक्या गाड्यांनी पॉवर विंडो सर्वात आधी दिली, त्यांत सिएराचं नाव आदराने घेतलं जातं. टाटांचीच इस्टेट १९९२ मध्ये आली. टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्या भागीदारीतून १९९५ मध्ये मर्सिडीजची ई २२० पुण्यात जोडली जाऊ लागली. पुढे २००९ मध्ये मर्सिडीजने चाकणला स्वतःचा कारखाना केला.

या गाड्या महाग होत्या आणि मोजक्या होत्या. त्यामुळे कारागिरांना शिकायला अवधी मिळाला, पण शिकवायला कोणी नव्हतं. कंपनीची माहितीपत्रकं अधिकृत वर्कशॉपमध्ये असत. बाहेरच्या इलेक्ट्रिशियनने दार उघडून, वायरींचे रंग कागदावर उतरवून घेऊन, टेस्ट लॅम्प लावून लावूनच ते गणित सोडवलं.

ते गणित सुंदर आहे. काचेच्या साध्या मोटरला दोनच वायरी असतात. हॉर्नची किंवा दिव्याची एक वायर कायम अर्थला असते. इथे तसं नाही. बटणाला हात लावला नसेल तेव्हा दोन्ही वायरी अर्थला असतात. 'वर' दाबलं की एका वायरीत बारा व्होल्ट येतात आणि दुसरी अर्थलाच राहते. 'खाली' दाबलं की नेमकं उलटं होतं आणि मोटर उलटी फिरते. आता खरी गुंतागुंत: डावीकडच्या दारावर स्वतःचा स्विच असतो, आणि चालकापाशी असलेल्या मेन स्विचमध्येही त्याच काचेसाठी एक बटण असतं. बहुतेक जुन्या गाड्यांत डाव्या दाराच्या मोटरला अर्थ मिळतो तो या मेन स्विचमधून फिरून. म्हणजे मेन स्विचमध्ये एका पत्तीवर काजळी धरली, तर डावीकडचा नवाकोरा स्विच आणि धडधाकट मोटर असूनही काच हलत नाही. हे न कळल्यामुळे सुरुवातीच्या काळात कितीतरी चांगल्या मोटरी बदलल्या गेल्या असतील. ज्याला कळलं, तो आधी मेन स्विच उघडू लागला.

स्विच उघडणं जवळून बघण्यासारखं असतं. बोटाएवढ्या पात्याने प्लास्टिकच्या चार खिट्ट्या एकेक करून सोडवतात. एकीवर जोर जास्त झाला तर ती मोडते आणि मग स्विच कायमचा सैल राहतो. झाकण निघताच आतल्या बारीक स्प्रिंगा उडतात, म्हणून मांडीवर पांढरं फडकं अंथरलेलं असतं. आत तांब्याच्या छोट्या पत्त्या, तराजूच्या दांडीसारख्या मध्यावर तोललेल्या. बटण दाबलं की पत्ती एका बाजूला कलते आणि टोकाचा ठिपका दुसऱ्या ठिपक्याला टेकतो. दर टेकण्याला बारीक ठिणगी पडते. काही वर्षांत ठिपका काळा पडतो, खड्डा धरतो. चालकाच्या काचेचा ठिपका सर्वात काळा, मागच्या दारांचे जवळजवळ नवे. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन बोटांत धरून कारागीर तो ठिपका चार-पाच वेळा हलकेच घासतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो, पत्त्या जागच्या जागी ठेवतो. काही गाड्यांत ही बटणं दोन सीटांच्या मध्ये असतात. त्या स्विचमध्ये हमखास साखरेचा चिकट थर मिळतो, गाडीत सांडलेल्या चहाचा.

१९९८ च्या डिसेंबरात टाटांची इंडिका आली. निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना उचलून आणून पुण्यात उभारलेल्या लाइनवर ती बनत होती. तिच्या वरच्या प्रकारात पॉवर विंडो होत्या, खालच्या प्रकारात हँडल. त्याच सुमारास सँट्रो, मॅटिझ, होंडा सिटी आल्या. गाडीच्या किमतीची पायरी आता दारावरून ओळखू येऊ लागली. शेजारी आत डोकावून बघत तो बटण आहे की हँडल हेच. मध्यमवर्गाने त्यावर तोड काढली: गाडी खालच्या प्रकारची घ्यायची आणि पॉवर विंडो बाहेरून बसवून घ्यायच्या.

त्या मागणीवर एक अख्खा धंदा उभा राहिला. नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांची सेंट्रल लॉकिंगची आणि पॉवर विंडोची किट कार डेकोरच्या दुकानांत टांगलेली दिसू लागली. किट बसवताना मूळ मशीन तसंच ठेवायचं, हँडल काढायचं आणि हँडलच्या दांड्याला मोटर जोडायची. चांगल्या हातांनी बसवलेली किट वर्षानुवर्षं चालली. घाईत बसवलेल्या किटमध्ये मात्र ठरलेले दोष निघत. दार आणि खांब यांच्यामधून वायर न्यायला पत्र्याला भोक पाडायचं आणि त्यात रबरी ग्रोमेट बसवायचा, हा नियम. ग्रोमेट विसरला की दार उघडमिटताना पत्र्याची धार वायर कापत राहते. वर्षभराने एक दिवस काच अर्ध्यावर थांबते, तीही नेमकी पावसात. दार पूर्ण उघडलं की काच चालते आणि मिटलं की बंद, अशी तक्रार आली तर अनुभवी माणूस दुसरीकडे कुठे बघतच नाही. तो थेट बिजागरीपाशी बोट घालतो.

नाना पेठेचा हात या सगळ्याला लागलेला आहे. क्वार्टर गेटच्या बाजूने आत शिरलं की गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं सुरू होतात. इथे काचेचं अख्खं मशीनही मिळतं आणि नुसता प्लास्टिकचा गिअरही मिळतो. मोटरमध्ये मळसूत्रासारखा पोलादी दांडा असतो आणि तो एका नायलॉनच्या चक्राला फिरवतो. दांडा चक्राला फिरवू शकतो, पण चक्र दांड्याला फिरवू शकत नाही. म्हणूनच वीज गेली तरी काच तिथल्या तिथे उभी राहते आणि बाहेरून हाताने दाबून खाली येत नाही. काच रबरात अडकली असताना बटण दाबून धरलं की मार बसतो तो या नायलॉनच्या दातांवर. चार दात गेले म्हणून पूर्ण मोटर टाकायची की चक्र बदलायचं? कंपनीच्या वर्कशॉपला पहिला मार्ग सोयीचा असतो. पेठेने दुसरा मार्ग जिवंत ठेवला आणि तो कमी खर्चाचा तर आहेच, शिवाय तो करणाऱ्याला मोटर आतून माहीत असावी लागते. नवं चक्र मिळालं नाही, तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार असतो. तिथे पथारीवर पडलेल्या मोटरींचा ढीग हाताने उचलून, दांडा बोटाने फिरवून निवडायचा.

कार्बनची गोष्ट वेगळी. मोटर मुकी झाली, दिवा मंदावत नाही, पण टेस्ट लॅम्प वायरीवर दोन्ही दिशांना पेटतोय, अशा वेळी एक जण बटण दाबून धरतो आणि दुसरा दाराच्या पॅडवर मुठीने ठोसा मारतो. काच सरकली, तर कार्बन झिजलेत. धक्क्याने ते क्षणभर टेकतात आणि मोटर फिरते. गाडीमालकाला ही मारझोड वाटते. पण मोटर दारात नेमकी कुठे बसलेली आहे हे माहीत असल्याशिवाय तो ठोसा योग्य जागी बसत नाही.

पुण्याच्या गाड्यांत चालकाची काच आधी का जाते, याचं एक कारण रस्त्यावर उभं होतं. पुण्याहून मुंबईला जाताना तळेगाव आणि खालापूर, साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूर: प्रत्येक टोलनाक्यावर काच खाली, पैसे बाहेर, पावती आत, काच वर. रोज नाका ओलांडणाऱ्या गाडीची उजवी काच वर्षाला शेकडो वेळा जास्त चढउतार करत होती, तीही धुळीत आणि धुरात. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि हे काम बरंच थांबलं. दुरुस्तीच्या धंद्यावर महामार्गाच्या नियमाचा असा परिणाम होतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा नियम सर्वोच्च न्यायालयाकडून आला. २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी झाली आणि ४ मेपासून ती अमलात आली. त्या उन्हाळ्यात रस्तोरस्ती फिल्म खरवडण्याचं काम चाललं. पाण्याचा फवारा, पातं आणि घाई. फिल्मचा गोंद काचेच्या कडेला राहिला, तो रबरी चॅनलमध्ये जमला आणि त्यावर धूळ बसली. काच चढताना किंचाळू लागली, मग अडखळू लागली. अशा काचेला काही जण ग्रीस लावतात. ते चुकीचं आहे, ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि रबर फुगवतं. जुने कारागीर चॅनल ओल्या फडक्याने आतून पुसून, वाळवून त्यात टाल्कम पावडर सोडत. आता सिलिकॉनचा स्प्रे मिळतो. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात, मोटरला हात न लावता. हे गाडीमालकाला प्रामाणिकपणे सांगणारा माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि पाणी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीपर्यंत पाण्याने माणसं नेली, भिंती पाडल्या, गाड्या एकमेकींवर रचल्या. वीसहून जास्त लोक गेले. त्या दुःखापुढे गाड्यांची गोष्ट छोटी आहे. पण नंतरचे कित्येक आठवडे शहरातली गॅरेजं चिखल भरलेल्या दारांनी भरून गेली होती. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं, तेव्हा तेच पुन्हा झालं. दाराच्या आत रोजचं पावसाचं पाणी उतरतंच, ते बाहेर पडावं म्हणून तळाशी भोकं असतात. कोरड्या आणि ओल्या बाजूमध्ये प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. कोणी घाईत तो फाडून टाकला, तर पुढच्या पावसाळ्यात पायाखालचा गालिचा भिजतो आणि गळती कुठून होतेय ते कळत नाही. पुरात मात्र तळाची भोकंच चिखलाने बुजतात. मोटर पाण्यात बसून राहते, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. अशा गाडीत पहिलं काम असतं ते बटण न दाबण्याचं. आधी बॅटरी सोडवायची, पॅड काढायचं, दार साध्या पाण्याने धुऊन भोकं मोकळी करायची, वाळू द्यायचं, आणि मगच करंट.

पॉवर विंडोने जगात मुलांचे जीवही घेतले आहेत, हे विसरून चालत नाही. जुन्या पद्धतीची बटणं दोन्ही बाजूंना झुकणारी असत. खिडकीतून बाहेर वाकलेल्या मुलाचा गुडघा बटणावर पडला की काच वर येई. अमेरिकेने १९७१ पासून याविषयी नियम केले, आणि पुढे काच चढवण्यासाठी बटण बोटाने वर ओढावंच लागेल अशी रचना सक्तीची केली. एका स्पर्शात आपोआप चढणाऱ्या काचेला वाटेत हात आला, तर तिने १०० न्यूटनच्या आत, म्हणजे साधारण दहा किलोच्या भाराच्या आत मागे फिरावं, अशी मर्यादा युरोपीय नियमांत आहे. कोथरूडच्या वेताळ टेकडीवरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्थेत गाड्या तपासल्या जातात, त्यामागे अशा मर्यादांचं शास्त्र असतं.

काचेने मागे फिरायचं तर तिला आपण कुठे आहोत हे कळायला हवं. त्यासाठी मोटरच्या दांड्यावर चुंबक आणि सेन्सर आला. तो फेरे मोजतो आणि दारातला छोटा कंट्रोलर ते लक्षात ठेवतो. बॅटरी बदलली की काही गाड्यांत ही आठवण पुसली जाते आणि एका स्पर्शात चढणारी काच अर्ध्यावर थांबते किंवा पुन्हा खाली येते. घाबरलेला मालक गॅरेजमध्ये येतो. बऱ्याच गाड्यांत उपाय एवढाच असतो: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरायचं, म्हणजे तिला वरची हद्द पुन्हा कळते. हे काम फुकट करून देणारे इलेक्ट्रिशियन पुण्यात अनेक आहेत.

पण दोन वायरींचं ते गणित आता सगळीकडे लागू पडत नाही. नव्या गाडीत बटण मोटरला करंट देत नाही. ते फक्त निरोप देतं, निरोप एका वायरीवरून बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे किंवा दारातल्या कंट्रोलरकडे जातो आणि तो ठरवतो काच हलवायची की नाही. टेस्ट लॅम्प तिथे लावला तर काही कळत नाही, चुकून महागडं मॉड्यूल मात्र जळू शकतं. छतात एलईडी दिवा असेल तर तो मंदावेलच असंही नाही. औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला मुलगा स्कॅनर घेऊन येतो, पडद्यावर दोषाचा कोड वाचतो. त्याचं शिक्षण खरं आहे आणि आजच्या गाडीला ते लागतंच. खंत आहे ती वेगळीच. अनेक स्विच आता न उघडण्यासाठीच बनवलेले असतात, खिट्ट्यांऐवजी वितळवून चिकटवलेले. मोटर, ड्रम आणि केबल एकाच पत्र्यावर रिव्हेट मारून येतात. नायलॉनचं चक्र सुटं मिळणं दुर्मीळ होत चाललंय. कोड सांगतो की दार खराब आहे. दाराच्या आत काय खराब आहे हे विचारायची मुभाच हळूहळू काढून घेतली जातेय. कारागिराचं त्यात नुकसान आहे आणि गाडीमालकाचंही.

हँडल पुरतं गेलं नव्हतंच. पुण्यातल्या अभियंत्यांनी घडवलेली नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा स्वस्तातल्या प्रकाराला हँडलच होतं, वरच्या एलएक्सला पुढच्या दोन दारांना बटणं. बहुतेक मारुती ८०० हँडल फिरवतच निवृत्त झाल्या.

आणि सिएरा? नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांनी ते नाव नव्या गाडीला पुन्हा दिलं. जुनी सिएरा जिवापाड जपणारे लोक अजून आहेत, आणि तिचं काच-मशीन आता दुकानात सहज मिळत नाही. मग दुसऱ्या गाडीची मोटर आणायची, बोल्टची भोकं जुळवायला पत्र्याची पट्टी कापायची, दात मोजायचे, वायरींचे रंग पुन्हा कागदावर उतरवायचे. पॅडच्या क्लिपा दाबून बसवण्याआधी कारागीर काच तीनदा पूर्ण खाली-वर करतो. पहिल्यांदा कान दाराला लावून, दुसऱ्यांदा काचेच्या कडेवर बोट ठेवून. तिसऱ्यांदा तो बाजूला होतो आणि मालकाला म्हणतो, "आता तुम्ही दाबा."